आधी म्हाताऱ्यांकडे जा, मग कचेरीत

आमच्या घरात एक पितळी तांब्या आहे. त्याच्या पोटावर टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरांची एक ओळ आहे. नव्वद-शंभर वर्षे चिंच आणि राखेने घासून ओळ इतकी झिजली आहे, की खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरल्यावर शेवटी ‘रा. ने’ एवढेच दिसते. हा तांब्या माझ्या पणजीला लग्नात मिळाला. देणारा तिचा मामा होता की भाऊ, माहीत नाही. ‘ने’ म्हणजे नेवासे की नेवरगाव, तेही माहीत नाही. नेवरगाव आपल्या गंगापूर तालुक्यात, गोदावरीच्या अलीकडे. नेवासे पलीकडे. आज एसटीने सकाळी जाऊन जेवायला परत येता येते. पण पणजीच्या लग्नाच्या वेळी नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे इंग्रजांचे. म्हणजे तिच्या माहेरचा कागद असलाच तर एक तर उर्दूत असणार, नाही तर मोडीत. एक तर या जिल्ह्याच्या दप्तरात असणार, नाही तर नगरच्या. पुढचे एक अक्षर शाबूत असते तर माझी चार वर्षे वाचली असती.

हे सांगण्याचे कारण असे, की गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या छत्रपती संभाजीनगरात आणि सगळ्या मराठवाड्यात जो तो पणजोबाचा कागद शोधतो आहे. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी तहसिलींतल्या, शाळांतल्या, भूमी अभिलेखच्या कपाटांतले लाल रुमालांचे गठ्ठे सुटले. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याच्या मागणीबद्दल तुमचे मत काहीही असो. पण कितीतरी वर्षे कोणी हात न लावलेली दप्तरे त्यामुळे उघडली, हे खरे. मी शाळेत कारकून होतो. निवृत्त झाल्यावर लोकांना जुन्या नोंदी वाचून द्यायला लागलो. त्यामुळे रोज कोणी ना कोणी फोन करून विचारते, “काका, आमचं नाव कुठं सापडंल?” त्या सगळ्यांना एकदाच सांगावे म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट. कागद शोधायला कचेरीत जाऊ नका. आधी घरातल्या, भावकीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा. कागद आणखी दहा वर्षे टिकेल, माणसाचे सांगता येत नाही. आणि जाताना कोरी वही न्या, मोबाइलवर आवाज टिपून घ्या, पण “तुमचा जन्म कोणत्या सालचा?” असे विचारू नका. त्यांना साल माहीत नसते, आणि माहीत आहे असे सांगितले तर ते बहुधा आधार कार्डावरचे असते. त्यांना घटना विचारा. “रजाकारात मी आईच्या कडेवर होतो” म्हणाले, तर १९४७-४८ चा तो काळ, म्हणजे जन्म १९४५-४६ चा. “पुलिस ॲक्शन झालं तेव्हा मी गुरं राखायचो” म्हणाले, तर सप्टेंबर १९४८ ला सात-आठ वर्षांचे. “आमचा आजा मानमोडीत गेला” हे वाक्य ऐकले, की मी ताठ बसतो, कारण मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या एका शब्दाने मृत्यूचे साल हाती लागते. मग जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात त्या वर्षाची पाने उलटायची, सगळे पुस्तक नाही.

म्हातारीला मात्र वेगळे विचारायचे. तिला माहेर विचारा, तिच्या सासूचे माहेर विचारा, आणि सासूच्या सासूचे आठवते का ते विचारा. घरातल्या पुरुषांच्या सात पिढ्या भिंतीवर टांगलेल्या असतात. बायका मात्र ‘अमक्याची आई’ म्हणून संपतात. जमिनीच्या कागदात बाई बहुधा विधवा झाल्यावरच येते. त्यामुळे तिला शोधायला कागद अपुरा पडतो आणि भांडी कामी येतात. जुन्या घंगाळावर, हंड्यावर, परातीवर लग्नात देणाऱ्याचे नाव, गाव, कधी मितीही कोरलेली असते. आमच्याकडे अशी सात-आठ भांडी होती. एके वर्षी दिवाळीच्या आधी घरच्यांनी ती मोडीत घालून स्टीलचे डबे आणले. मी तेव्हा तिथेच होतो आणि भांडी उचलून तराजूत ठेवायला मीच मदत केली. तांब्या वाचला, कारण तो देवघरात होता. तुमच्या माळ्यावर काही उरले असेल तर मोडीत घालण्याआधी अक्षरांचा फोटो घ्या. अक्षरांवर थोडे पीठ किंवा रांगोळी चोळून कोरड्या फडक्याने पुसले, की पांढरी भर खाचांत राहते आणि वाचता येते.

आता दुसरी गोष्ट, जिच्यात लोकांचा सर्वांत जास्त वेळ वाया जातो. “जुन्या जनगणनेत आजोबांचे नाव बघायचे आहे,” असे म्हणून लोक येतात. हा गैरसमज बाहेरच्या देशांतल्या गोष्टी ऐकून झालेला आहे. अमेरिकेत तसे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत कॅनडातल्या क्वीबेकमधून सुमारे नऊ लाख फ्रेंच बोलणारी माणसे पोटासाठी अमेरिकेतल्या लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेट अशा गावांच्या कापड गिरण्यांत गेली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज तिथल्या जनगणनेची घरोघरची पाने काढून बघतात. नाव, वय, जन्म कुठला, कोणत्या साली आलात, सगळे त्यात सापडते, कारण ७२ वर्षांनी ती पाने तिथे सर्वांना खुली होतात. १९५० ची पाने २०२२ च्या एप्रिलमध्ये खुली झाली. त्यांच्याही वाटेत खड्डे आहेत. प्रगणकाला फ्रेंच कळेना, म्हणून रॉय आडनावाचा माणूस कागदावर किंग झाला आणि ब्वाव्हेर म्हणजे हिरवे रान, तो ग्रीनवुड झाला. १८९० ची तर बहुतेक पाने १९२१ च्या आगीमुळे गेली. पण खड्डे चुकवून लोक क्वीबेकच्या चर्चच्या बाप्तिस्मा-वहीपर्यंत पोचतात.

आपल्याकडे तो रस्ताच नाही. हैदराबाद संस्थानात १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, तिचे जाडजूड अहवाल आहेत, पण त्यांत आकडे आहेत. अमुक तालुक्यात अमुक जातीचे इतके पुरुष, इतक्या स्त्रिया. माणसाचे नाव त्यात नाही. ज्या ‘हैदराबाद गॅझेटियर’चे नाव २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर घरोघरी पोचले, त्यातही तुमच्या पणजोबाचे नाव सापडणार नाही. तो समाजाचा पुरावा आहे, घराण्याचा नव्हे. आणि स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेची माहिती १९४८ च्या कायद्याच्या १५ व्या कलमाने गुप्त आहे. ती कोणाला बघायला मिळत नाही, पुरावा म्हणून कोर्टातही चालत नाही. याला एकच अपवाद म्हणावा असा आहे. १९५१ च्या जनगणनेबरोबर गावोगाव नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर लिहिले गेले. त्यात घराचा क्रमांक आणि माणसांची नावे होती. काही तहसिलींत ती रजिस्टरे अजून आहेत. आपल्या गावचे आहे का, एवढे विचारायला अर्ज करायला हरकत नाही.

मग नाव सापडते कुठे? सापडते ते कर, जमीन, शाळा, पोलीस आणि देव यांच्या दप्तरात. याच क्रमाने नव्हे.

शाळेपासून सुरू करा, कारण ती जवळ असते आणि तिथली भाषा बहुधा वाचता येते. प्रवेश-निर्गम रजिस्टर मागा. त्यात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मस्थळ, आधीची शाळा असे रकाने असतात. त्यातला जन्मस्थळाचा रकाना लोक वाचतच नाहीत. तो वाचा, कारण बाळंतपण माहेरी होते, म्हणजे तिथे लिहिलेले गाव हे आजीचे माहेर असण्याची शक्यता फार. जन्मतारखेवर मात्र विश्वास ठेवू नका. जुन्या रजिस्टरात निम्मी मुले १ जूनला जन्मलेली असतात. मी स्वतः कितीजणांना १ जूनला जन्म दिला आहे त्याची मोजदाद नाही. बाप शेतातून तसाच आलेला, “पोळ्याच्या आगंमागं झालं” म्हणायचा, आणि मुलाला पहिलीत घ्यायचे तर सहा वर्षे पूर्ण दाखवायला १ जून सोयीचा पडायचा. आडनावाचेही तेच. गुरुजींना ऐकू आले तसे, किंवा त्यांच्या गावाकडे जसे म्हणतात तसे ते लिहिले गेले. एकाच बापाच्या दोन मुलांची आडनावे वेगवेगळी असलेले रजिस्टर मी हाताळले आहे. त्यात लबाडी काही नव्हती, दोन वर्षांत दोन गुरुजी झाले होते, एवढेच.

जमिनीचा कागद मराठवाड्यात १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत सहज जातो. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर जुने सातबारे आणि फेरफार घरबसल्या बघता येतात, तिथून सुरुवात करा. फेरफार वाचताना ‘वारसाने’ हा शब्द दिसला की थांबा, कारण तिथे मयताचे नाव, मुले, बायको, कधी मुलींचीही नावे येतात. एका वारस फेरफारात एका घराच्या तीन पिढ्या बसतात. खासऱ्याच्या मागे जायचे तर शेतवार पत्रक, पक्काबुक, पाहणी पत्रक, वसूल बाकी, इनाम असेल तर मुंतखब असे कागद असतात. आणि इथेच बहुतेक लोक परत फिरतात, कारण इथे उर्दू सुरू होते.

हैदराबाद संस्थानात आधी कारभाराची भाषा फारसी होती. १८८४ च्या सुमारास उर्दू आली आणि १९४८ पर्यंत राहिली. गावचा पटवारी आपली वही मोडीत लिहायचा, तालुक्याला गेले की तेच उर्दूत व्हायचे. उर्दूही छापील पुस्तकातली नव्हे. शिकस्ता म्हणजे मोडलेली, घाईची लिपी असते, नुक्ते गाळलेले असतात, आणि आकडे कित्येकदा रकमेत, म्हणजे अक्षरांची मोडतोड करून केलेल्या खुणांत असतात. पहिल्यांदा असा कागद समोर आला तेव्हा मला तो उलटा धरला आहे की सुलटा, हेही कळेना. तासभर तसाच बसलो. मग तो घेऊन शहागंजच्या मागच्या गल्लीत एका निवृत्त उर्दू मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांपासून चार बोटांवर आणला, आणि गुळगुळीत दगडावरून पाणी जावे तसे वाचायला लागले. “वल्द म्हणजे मुलगा. साकिन म्हणजे राहणारा. कौम म्हणजे जात. तुमच्या खापरपणजोबांकडं दोन बैल आणि एक मोट होती, जनाब.” दोन बैलांची गोष्ट आमच्या घरात कोणाला माहीत नव्हती. मास्तरांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र त्यांनीच पाजला.

मराठवाड्यातल्या मराठी घरांच्या इतिहासाची किल्ली आज जुन्या शहरातल्या उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातात आहे. आणि तेही पिकली पाने आहेत. त्यांची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, शिकस्ता त्यांनाही येत नाही. म्हणून ज्यांना वेळ आहे, विशेषतः आमच्यासारख्या पेन्शनरांना, माझी कळकळीची विनंती आहे की यांच्याकडे जाऊन बसा, शिका. मोडी तर त्याहून सोपी, मुळात तिच्यातली भाषा आपलीच आहे. मोडीचे वर्ग निघतात, महिन्या-दीड महिन्यात अक्षरे लागतात, पुढे सरावाचा प्रश्न.

सरावात एक ठेच हमखास लागते, ती आधीच सांगून ठेवतो. मोडी कागदात ‘गंगा कोम रामा’ असे दिसले तर त्याचा अर्थ रामाची बायको गंगा. उर्दू कागदात तोच शब्द ‘कौम’ म्हणून येतो आणि त्याचा अर्थ जात. एका गृहस्थांनी मोडीतल्या कोमपुढचे नाव जातीचे समजून वर्षभर त्या नावाची जात शोधली. तसेच ‘रामा बिन भिका’ म्हणजे भिकाचा मुलगा रामा. आडनाव शोधत बसू नका, जुन्या कागदात ते नसतेच. माणूस बापावरून, गावावरून आणि धंद्यावरून ओळखला जायचा. म्हणून एकच नाव सापडले की उड्या मारू नका. एका गावात एका वेळी चार ‘रामा बिन भिका’ असू शकतात. बापाचे नाव, भावांची नावे आणि शेताचा नंबर असे तिन्ही जुळले तरच आपला माणूस म्हणा.

सालाचाही घोळ असतो. निजामी कागदावर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवा. १३४५ फसली म्हणजे १९३५ चा ऑक्टोबर ते १९३६ चा ऑक्टोबर, कारण हैदराबादचे फसली वर्ष आजूर महिन्याने, ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडायचे. महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे. इस्फंदारचा किंवा त्यापुढच्या महिन्यांचा कागद असेल तर ५९० नव्हे, ५९१ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष पालटलेले असते. मुसलमानी घरांच्या कागदांत हिजरी सन येतो, तो वेगळा. हे गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाही तर आजोबा आपल्या बापाच्या आधी जन्मलेले निघतात.

गाव कोणत्या जिल्ह्यात शोधायचे, हा तर आपल्याकडे कोड्याचाच विषय आहे. कागदावर तुम्हाला छत्रपती संभाजीनगर सापडणार नाही, औरंगाबादच सापडेल. हे अधिकृत नाव २०२३ मधले. धाराशिवचे उस्मानाबाद, अहिल्यानगरचे अहमदनगर. इंटरनेटवर शोधताना दोन्ही नावे टाका. जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड हे तालुके १ मे १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होते, तेव्हा तिथल्या लोकांनी इथे विचारल्याशिवाय ‘कागद नाही’ म्हणू नये. उदगीर, निलंगा, अहमदपूर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. आणि संस्थानाच्या राजधानीचे दप्तर आज हैदराबादला तारनाक्याच्या तेलंगण राज्य पुराभिलेखागारात आहे. आपल्या राज्याच्या पुराभिलेख खात्याचेही कार्यालय आपल्या शहरात आहे, तिथे आधी जाऊन विचारावे, उगाच रेल्वेचे तिकीट काढू नये.

पैठण-गंगापूर-शेवगाव पट्ट्यातल्या लोकांचे दुखणे आणखी वेगळे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली, १९७६ मध्ये धरण पुरे झाले आणि शंभरावर गावांचे शिवार नाथसागरात गेले. माणसे उठून दुसरीकडे गेली, गावाचे नाव बरोबर नेले, कधी त्याला ‘नवे’ जोडले, कधी दुसऱ्याच गावात मिसळली. अशा वेळी आजच्या गावात विचारून उपयोग नाही. बुडालेल्या गावाचे नाव आणि भूसंपादनाचा कागद शोधा. मोबदला घेताना घरातल्या सगळ्या हिस्सेदारांची नावे लिहावी लागली होती. पाण्याने शेत नेले, पण त्या निमित्ताने नावे एका जागी आली.

आता ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचे काय? हा प्रश्न फार जणांनी विचारला आहे आणि त्याचे उत्तर देताना मला बरे वाटत नाही. कागद जमीनवाल्यांचा मित्र आहे. पण अगदीच अंधार नाही. महारकी वतन, कोतवाली, बलुते यांच्या नोंदी असतात. पोलीस ठाण्यात गाववारी रजिस्टर, जुने पंचनामे असतात. कारागृहात कच्च्या कैद्यांची नोंदवही असते. आपला पणजोबा तिथे सापडला म्हणून लाजायचे काही कारण नाही, भटक्या जमातींना तर नुसते मुक्कामाला थांबल्याबद्दल हजेरी द्यावी लागे. शिंदीच्या झाडांचे, ताडीचे परवाने उत्पादन शुल्क खात्यात आहेत. रेल्वे १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे गेली, तिच्या गँगमध्ये कोणी होते का, विचारा. १९५० साली बाबासाहेबांनी आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. तिथे पहिल्या काही वर्षांत शिकलेला कोणी घरात असेल तर त्याचा दाखला जपून ठेवा. कितीतरी घरांत पूर्ण नाव, बापाचे नाव आणि गाव शाईने नीट लिहिलेला तो पहिलाच कागद आहे. ख्रिस्ती घरांना चर्चची बाप्तिस्मा-वही, मुसलमान घरांना काझींच्या दप्तरातली निकाहाची नोंद.

आणि देवाचे दप्तर. घरातले कोणी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीला, सिंहस्थात किंवा नुसते दर्शनाला गेले असतील तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत नोंद असण्याचा बराच संभव. पैठणलाही विचारा. या वह्या गाव आणि आडनावावार लावलेल्या असतात. उपाध्ये प्रथम तुमचे गाव विचारतात, मग आडनाव, मग आत जाऊन लांबट चोपडी आणतात. बरोबर आलेल्यांची नावे, भावांची, मुलांची, मागच्या पिढीची, आणि खाली आलेल्याची सही किंवा अंगठा. चार वर्षांपूर्वी मी आजोबांची सही तिथे पाहिली. ‘रामराम लिहून देतो’ म्हणणारी ती सही इतकी वाकडी होती, की त्यांना लिहिता येत होते याचेच मला नवल वाटले. घरी आम्ही सगळे त्यांना अंगठेबहाद्दर समजत होतो. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, दक्षिणा ठेवा, आणि आपल्या आजच्या कुटुंबाची नावे त्या चोपडीत लिहून या. मुलींची, सुनांची, त्यांच्या माहेरांसकट लिहा. ते मुद्दाम सांगावे लागते, आपण होऊन कोणी लिहीत नाही.

दक्षिण महाराष्ट्रात बैलावर बसून येणारे हेळवी वंशावळी वाचून दाखवतात, कुठे भाट येतात. त्यांचे ऐकावे, लिहून घ्यावे. फक्त पाच-सात पिढ्यांच्या मागे गेले की वंशावळ चितोडला नाही तर थेट सूर्यापर्यंत पोचते, तिथे पेन खाली ठेवावे.

बाहेरगावी, परदेशात गेलेल्यांसाठी दोन शब्द. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर गेले. त्यांच्या नोंदी तिथे मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, जहाज, पुढच्या काळात फोटोसुद्धा. इंग्रजांना मजूर पळून जाण्याची भीती होती म्हणून त्यांनी इतके बारीक लिहिले. ज्याच्यावर संशय त्याची नोंद चांगली राहते, हा या सगळ्या उद्योगातला मला सापडलेला एकमेव नियम. तिथली मराठी घरे आज त्या कागदावरून रत्नागिरीकडची गावे शोधत येतात. तुमच्या गावी कोणी असे आले तर त्यांना ग्रामपंचायतीच्या पायरीवरून परत पाठवू नका, गावातल्या म्हाताऱ्याशी गाठ घालून द्या.

कचेरीत जाताना काय करायचे, ते थोडक्यात. तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, कोणत्या गावाचा, कोणत्या सालच्या सुमाराचा, कोणता कागद हवा ते स्पष्ट लिहा. ‘सर्व जुन्या नोंदी मिळाव्यात’ असा अर्ज आला की कारकून तो खालच्या कप्प्यात सारतो. मी तेच केले असते. नक्कल मागताना प्रमाणित मागा. मूळ कागदाला थुंकी लावून पान उलटू नका, त्यावर पेनाने खूण करू नका, फोटो घेताना फ्लॅश बंद ठेवा. एका कचेरीत माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाने सापडलेले पान हळूच घडी करून खिशात घातले. त्याला वाटले आपल्या आजोबाचे पान, आपले. पण त्या पानाच्या मागे दुसऱ्या सात घरांची नावे होती. आणि ‘एवढे एक अक्षर वाढवून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर चहाचे पैसेसुद्धा देऊ नका. शाई जुनी की नवी ते कळते, आणि खटला तुमच्या नावावर होतो, त्याच्या नाही.

एक काम मात्र आजच करण्याजोगे आहे. पुढची जनगणना २०२७ ची आहे, जातीच्या रकान्यासह. प्रगणक दारात येईल, मोबाइलवर माहिती भरेल आणि जाईल. तुम्ही काय सांगितले ते तुमच्या पतवंडांना सरकार कधीच दाखवणार नाही. म्हणून तो गेला की त्याच दिवशी घरातल्या एका जाड वहीत तीच माहिती आपल्या हाताने लिहा. घरात कोण कोण, कोणाची लेक, कोणत्या गावची, कधी जन्मली, कोण कुठे कामाला. तारीख घाला. घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, ज्यांना येत नाही त्यांचा अंगठा. वही देवघरात ठेवा, तिथल्या वस्तू कोणी मोडीत घालत नाही.

आमच्या वहीत पणजीच्या माहेराचा रकाना कोरा आहे. येत्या गुरुवारी मी नेवाशाला चाललो आहे. तिथे एका घरी मोडीतले जुने बाड असल्याचे कळले आहे. नाही जमले तर नेवरगाव आहेच. तांब्या पिशवीत घालून ठेवला आहे, फडक्यात गुंडाळून. घरातून बजावले आहे, की या वेळी तरी तो न घासता आण.